आवडी जुळल्या म्हणजे सोबत जुळते का?

पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि वाचनात रमणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमीच येत असतात. त्यांतली चार या वेळी निवडली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण उरलेल्या तिघांच्या अडचणींचा बराचसा भागही त्यात येऊन जातो.

प्रश्न : मी ५६ वर्षांची अविवाहित स्त्री आहे आणि हिशेब विभागात नोकरी करते. लग्नाच्या वयात घरच्या जबाबदाऱ्या होत्या, पुढे आईचे आजारपण सुरू झाले, आणि खरे सांगायचे तर पुस्तकांत मन इतके गुंतलेले असे की कुणाची उणीव फारशी जाणवली नाही. आई जाऊन दीड वर्ष झाले. आता संध्याकाळी वाचलेले काही सांगावेसे वाटते आणि सांगायला घरात कुणी नसते. मैत्रिणीच्या आग्रहावरून मी उतारवयातल्या जोडीदारांसाठी असलेल्या एका संकेतस्थळावर नाव नोंदवले आणि तिघांना भेटले. प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारला, की सध्या काय वाचताय? एक जण हसून म्हणाले, "आता या वयात वाचून काय करायचंय?" दुसरे गृहस्थ भरपूर वाचणारे होते, दोन तास अस्खलित बोलले, पण मला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तिसऱ्यांनी आपण फारसे वाचत नाही असे सरळ सांगितले, तरी मी सांगत होते त्या कादंबरीत पुढे काय झाले हे दोनदा विचारले. घरी परतताना मात्र मला वाटले की माझ्या बडबडीला ते कंटाळले असणार, म्हणून मी पुन्हा फोन केला नाही. माझ्या अपेक्षा फार आहेत का? शिवाय मला एकांतही लागतो. अशा माणसाने सोबत शोधावी तरी का?

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे ते तिसरे गृहस्थ, आणि नेमके त्यांनाच तुम्ही फोन केलेला नाही. पहिल्या दोघांना तुम्ही नकार दिलात ते योग्यच केले. त्यासाठी अपेक्षा कमी करण्याचे कारण नाही. पण स्वतः न वाचणाऱ्या माणसाने तुमच्या कादंबरीत पुढे काय घडले हे दोनदा विचारावे, या गोष्टीची दखल तुमच्या कसोटीने घेतली नाही, कारण ती कसोटी समोरच्याच्या हातात कोणते पुस्तक आहे एवढेच पाहत होती. तुम्हाला संध्याकाळी वाचलेले सांगायचे आहे. त्यासाठी ऐकणारा माणूस हवा. तो स्वतः वाचणारा असला तर उत्तमच, पण दुसऱ्या गृहस्थांनी दाखवून दिलेच आहे की वाचणारा माणूस ऐकणारा असतोच असे नाही.

समान आवडीनिवडी ही सोबतीची हमी आहे अशी आपली पक्की समजूत असते, आणि जोडीदार सुचवणारी बहुतेक संकेतस्थळे याच समजुतीवर चालतात. समँथा जोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सहभागी व्यक्तींकडून शंभराहून अधिक गुणविशेषांची आणि आवडीनिवडींची माहिती आधीच भरून घेतली होती. मग त्यांच्या एकमेकांशी छोट्या भेटी घडवून आणल्या. कोण सर्वसाधारणपणे अनेकांना आवडेल याचा थोडाफार अंदाज संगणकाला त्या माहितीवरून करता आला, पण अमुक एकाला नेमकी तमुक व्यक्तीच विशेष आवडेल का, हे सांगता आले नाही. हे सहभागी विद्यार्थी होते, तेव्हा तो निष्कर्ष तुमच्या वयाला जसाच्या तसा लावू नये. परंतु त्याच संशोधिकेने अनेक सहकाऱ्यांबरोबर २०२० मध्ये ११,००० हून अधिक जोडप्यांची माहिती एकत्र करून तपासली, तेव्हाही दोघांच्या स्वभावगुणांच्या यादीपेक्षा त्या नात्याचा अनुभवच अधिक बोलका ठरला : समोरचा या नात्यात मनापासून आहे असे वाटते का, आपली कदर होते का, मतभेद किती आणि कसे होतात.

यावरून मी असे सुचवेन की 'काय वाचता' हा प्रश्न सोडू नका, पण त्याच्या उत्तराला गुण देणे थांबवा आणि उत्तर कसे येते ते पाहा. तुम्ही एखाद्या पुस्तकाबद्दल प्रतिकूल मत दिलेत तर समोरचा ते खोडून काढायला धावतो, विषय बदलतो, की तसे का वाटले म्हणून विचारतो? तुमच्या बोलण्यातला एखादा तपशील, म्हणजे आईच्या आजारपणाचा किंवा कार्यालयातल्या एखाद्या कटकटीचा, पुढच्या भेटीत त्याच्या लक्षात असतो का? बोलणे मध्येच थांबले तर ती शांतता त्याला सहन होते का? चहा आणून देणाऱ्याशी तो कोणत्या स्वरात बोलतो? या गोष्टी कोणत्याही परिचयपत्रात लिहिलेल्या नसतात, आणि पहिल्या भेटीत त्यांपैकी एखादीच दिसते.

आता ते कंटाळले असतील या तुमच्या समजुतीबद्दल. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की अनोळखी माणसाशी बोलून झाल्यावर आपण त्याला किती आवडलो याचा बहुतेकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी असतो. दोघेही जण एकाच वेळी असा कमी अंदाज करत असतात, ही त्यातली गमतीची, आणि एका अर्थी वाईट, बाजू. त्यात एकटेपणाची भर पडते. शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणाचा अभ्यास अनेक वर्षे केला. त्यांचे म्हणणे असे की एकटेपणाची जाणीव हा माणसाला माणसांकडे परत नेणारा इशारा असतो, पण ती जाणीव लांबली की मन उलट सावध होऊ लागते आणि नकाराच्या खुणा नसतील तिथेही शोधू लागते. घरी परतताना तुमच्या मनाने नेमके हेच केले असावे. त्या गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिले, उत्तरे तुटक दिली, निरोप घाईने घेतला, असे काही तुम्ही लिहिलेले नाही. लिहिले आहे ते एवढेच की त्यांनी दोनदा प्रश्न विचारला. तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात. नोंद नसलेली रक्कम ताळेबंदात धरू नये हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यांना फोन करा. ते नको म्हणाले तर निदान तो निर्णय त्यांचा असेल.

तुम्हाला नेमके काय हवे आहे हे ठरवण्यासाठी एक भेद उपयोगी पडेल. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एक सामाजिक, म्हणजे आपले वर्तुळच नसणे, कुठल्या घोळक्यात आपली जागा नसणे. दुसरा भावनिक, म्हणजे अगदी जवळचे असे एक माणूस नसणे. एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही; ओळखीपाळखीची भरपूर माणसे असलेला माणूससुद्धा दुसऱ्या प्रकारचा एकटेपणा भोगतो, आणि सुखी जोडप्यांनाही मित्रमंडळींची वाण भासते. तुमच्या पत्रात मैत्रीण आहे, नोकरीतली माणसे आहेत. गेली ती आई, जिला तुमचा रोजचा दिवस माहीत होता. त्यामुळे तुमची ओढ दुसऱ्या प्रकारची दिसते. तिच्यात आईच्या जाण्याचे दुःखही मिसळलेले असणार, आणि ते कुणी नवे माणूस आल्याने भरून निघणार नाही. भेटणाऱ्याच्या माथी ते ओझे नकळत टाकले जात नाही ना, एवढे अधूनमधून स्वतःला विचारत जा. दुःख पूर्ण ओसरेपर्यंत थांबावे, असे मात्र मी म्हणणार नाही.

एका भेटीत निवाडा करण्याची तुमची रीतही बदलायला हवी. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये माणसांनी एकत्र घालवलेल्या वेळेचा हिशेब मांडला, तेव्हा नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मैत्री म्हणावी अशा नात्याला सुमारे ९० तास आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक तास लागतात असा अंदाज निघाला. आठवड्याला दोन तास भेटणाऱ्या माणसांना २०० तासांसाठी जवळपास दोन वर्षे लागतील. ही आकडेवारी मैत्रीची आहे आणि नात्यांना घड्याळ लावता येत नाही हे खरेच. पण दोन तासांच्या मुलाखतीत आयुष्याचा सोबती पारखू पाहणे किती अन्यायाचे आहे ते तिच्यावरून कळते. या वयातल्या ओळखी बहुधा मुलाखतीसारख्याच होतात. दोघेही कपडे नीटनेटके करून येतात, आपापली हकिगत सांगतात आणि घरी जाऊन निकाल लावतात. तरुणपणी असे होत नव्हते, कारण वर्गात किंवा कचेरीत तीच माणसे रोज दिसायची आणि आवडण्यासाठी कुणाला काही सिद्ध करावे लागत नव्हते.

नुसते पुन्हा पुन्हा दिसणे किती काम करते याचा एक छोटा प्रयोग मला फार आवडतो. पिट्सबर्ग विद्यापीठात रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी दिसायला साधारण सारख्या चार तरुणींना एका मोठ्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसवले. एक १५ तासांना आली, दुसरी १० तासांना, तिसरी ५ तासांना, आणि चौथी एकदाही नाही. त्या कुणाशी बोलल्या नाहीत. यायच्या, पुढे बसायच्या, निघून जायच्या. सत्राच्या शेवटी वर्गाला त्यांची छायाचित्रे दाखवली, तेव्हा जी जितकी जास्त वेळा आली होती तितकी ती अधिक पसंत पडली. १९९२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हा संकेतस्थळावर नाव राहू द्या, पण जिथे तीच माणसे ठरावीक दिवशी पुन्हा भेटतील अशी एखादी जागा त्याच्या जोडीला शोधा. ग्रंथालयाचे वाचकमंडळ, एखाद्या भाषेचा वर्ग, दृष्टिहीनांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणारा गट, जुन्या ग्रंथांची सूची करण्याचे काम. गप्पा मारायला जमलेल्या मंडळींपेक्षा हाताने काही काम करणाऱ्या मंडळींत अबोल माणसाचा निभाव चांगला लागतो, हे माझे निरीक्षण आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१२ साली दोन मैत्रिणींनी मूक वाचनाच्या बैठका सुरू केल्या आणि त्या पुढे अनेक देशांत पसरल्या. प्रत्येकाने आपापले पुस्तक आणायचे, तासभर गप्प बसून वाचायचे, मग ज्याला बोलायचे त्याने बोलायचे. तुमच्यासारख्या व्यक्तीला असा तास जड जाणार नाही.

वाचणाऱ्या माणसांच्या एक-दोन सवयींबद्दल स्पष्ट बोलायला हवे. मी स्वतः याच जातीचा आहे म्हणून तो अधिकार घेतो. कादंबरीतले पात्र आपल्याला दहाव्या पानावर कळते, कारण लेखकाने ते कळावे अशी सोय केलेली असते. माणसांच्या बाबतीत ती सोय कुणी केलेली नसते, तरी आपण दहा मिनिटांत त्यांचे परीक्षण लिहून मोकळे होतो. दुसरी सवय अशी की 'तुम्हाला कसं वाटतंय' या प्रश्नाला आपण 'अमुक नायिकेलाही असंच वाटलं होतं' असे उत्तर देतो. ऐकणाऱ्याला नायिकेची माहिती मिळते, तुमची मिळत नाही. पुढच्या भेटीत एकदा तरी कुठल्याही पुस्तकाचा आधार न घेता स्वतःबद्दल चार वाक्ये बोलून पाहा. ती अडखळत आली तरी चालतील.

एकांत हवा असण्यात आणि सोबत हवी असण्यात विरोध नाही; एकांताची गरज लपवली की मात्र पुढे विरोध होतो. परिचयात आवडत्या लेखकांची यादी देण्याऐवजी असे काही लिहून पाहा : 'मी रोज रात्री दोन तास दार लावून वाचते. त्यानंतर वाचलेले कुणाला तरी सांगावेसे वाटते. सुट्टीच्या दिवशी लांब चालायला आवडते. गर्दीच्या समारंभांना मी फारशी जात नाही. दुसऱ्याच्या कामाबद्दल ऐकायला मला मनापासून आवडते.' यादी वाचून तुमची विद्वत्ता समजेल. हे वाचून तुमच्याबरोबरची एक संध्याकाळ कशी जाईल ते समजेल. दोन तासांचे बंद दार ज्याला अपमान वाटेल तो आपणहून बाजूला होईल, आणि त्यात कुणाचेच नुकसान नाही.

राहता राहिला वयाचा प्रश्न. ऑक्सफर्डमधले प्राध्यापक आणि लेखक सी. एस. ल्युइस हे पुस्तकांत बुडालेले, थोरल्या भावासह राहणारे अविवाहित गृहस्थ होते. १९५० मध्ये जॉय डेव्हिडमन या अमेरिकन कवयित्रीशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला, १९५२ मध्ये भेट झाली आणि १९५६ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांनी नोंदणी विवाह केला. तोही मुख्यतः तिला इंग्लंडमध्ये राहता यावे म्हणून. तिच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर ते नाते खऱ्या अर्थाने वैवाहिक झाले आणि १९६० मध्ये ती गेली. हे उदाहरण मी गोड शेवटासाठी देत नाही, कारण तो तसा नव्हताच. त्यातला मला लक्षणीय वाटणारा भाग म्हणजे पत्रे, भेटी, मैत्री, कागदोपत्री लग्न आणि प्रेम हा क्रम, ज्याची आखणी दोघांपैकी कुणीही केलेली नव्हती. तुमच्याही बाबतीत शोधाचे फळ लग्न असेल, घट्ट मैत्री असेल, किंवा आठवड्यातल्या दोन संध्याकाळी असतील. त्यातले काय हे आज ठरवून टाकू नका. कुणी भेटेलच असे आश्वासन मला देता येणार नाही. पण या आठवड्यातला फोन अवघड नाही.

प्रश्न : माझे वय ५३. मी मुद्रितशोधक आहे, एकटा राहतो आणि स्वभावाने बुजरा आहे. वाचकमंडळात एका बाईंशी ओळख झाली आहे. पुस्तकाचा विषय असेपर्यंत आम्ही छान बोलतो; तो संपला की मला काही सुचत नाही आणि मी निरोप घेतो. पुस्तकांपलीकडे न्यावे तरी कसे?

उत्तर : पुस्तकाबद्दलच्याच प्रश्नाला एक पायरी आत न्या. 'शेवट पटला का' याच्या पुढे 'तुम्ही तिच्या जागी असता तर घर सोडलं असतं का' हा प्रश्न असतो, आणि तिथून बोलणे आपोआप स्वतःकडे वळते. मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी माणसांच्या जोड्यांना ३६ प्रश्न दिले होते. सुरुवातीचे हलके, पुढचे क्रमाने अधिक खासगी. पाऊण तासाच्या अखेरीस या जोड्यांना नुसत्या इकडच्या-तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा अधिक जवळीक वाटली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्यात दोघांनीही उत्तरे द्यायची होती आणि क्रमाक्रमाने द्यायची होती. तेव्हा प्रश्न विचाराल तर आपलेही उत्तर द्या, नाहीतर तिला ती उलटतपासणी वाटेल; आणि पहिल्याच दिवशी आयुष्यातले सगळे दुःख मांडू नका. निरोप घेताना 'पुढच्या वेळी भेटू' असे मोघम बोलण्यापेक्षा 'शनिवारी ग्रंथालयात जाणार आहे, येणार का?' असे विचारलेत तर तिला हो किंवा नाही म्हणणे सोपे जाईल. ती नाही म्हणाली आणि दुसरा दिवस सुचवला नाही, तर तिथे थांबा आणि वाचकमंडळात पूर्वीसारखेच सौजन्याने वागा.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा विधुर आहे. साहित्यविषयक ऑनलाइन गटात ओळख झालेल्या एका स्त्रीशी पाच महिने पत्रव्यवहार सुरू आहे. तिचे लेखन अप्रतिम आहे, मला इतके कुणीच समजून घेतलेले नाही. दुसऱ्याच आठवड्यात तिने गट सोडून खासगी संदेशांतून बोलू या असे सुचवले. ती परदेशी नोकरी करते. व्हिडिओ कॉलच्या वेळी दरवेळी काहीतरी बिघाड होतो. गेल्या आठवड्यात तिने तिचे खाते गोठवले गेल्याचे सांगून काही रकमेची मदत मागितली. माझा भाऊ म्हणतो ही फसवणूक आहे. मला मात्र ती पत्रे खोटी वाटत नाहीत.

उत्तर : पैसे पाठवू नका. भावाचे म्हणणे मला बरोबर वाटते. तुम्ही सांगितलेला क्रम, म्हणजे घाईने वाढवलेली जवळीक, उघड गटातून खासगी संदेशांकडे नेणे, परदेशातला मुक्काम, चेहरा दाखवायची वेळ आली की बिघाड आणि मग अचानक ओढवलेले आर्थिक संकट, हा अशा फसवणुकीचा ठरलेला क्रम आहे. हे काम अनेकदा एकटादुकटा माणूस करत नाही. टोळ्या करतात, आणि एकाच व्यक्तीच्या नावाने अनेक जण आळीपाळीने लिहितात. पत्रे सुंदर असणे हा पुरावा होत नाही. आता तर हवी तशी भाषा संगणकाकडून लिहून घेता येते. तुमच्यासारख्या वाचकाला चांगल्या गद्याचा मोह पडतो, एखाद्याला सुंदर छायाचित्राचा पडतो, आणि सापळा माणूस पाहूनच लावलेला असतो.

तिची छायाचित्रे इंटरनेटवर चित्रशोधाने तपासा. बहुधा ती दुसऱ्याच कुणाची निघतात. ठरवून न दिलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करण्याचा आग्रह धरा, तरी कॉल झाला म्हणजे खात्री पटली असे मानू नका, कारण चेहराही बनावट दाखवता येतो. बँकेचे तपशील, एकवेळचे सांकेतिक अंक, ओळखपत्राच्या प्रती काहीही देऊ नका. गुंतवणुकीची 'संधी' पुढे आली तर तीही याच खेळाचा भाग समजा. संदेश पुसून टाकू नका, जपून ठेवा आणि पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करा. रक्कम आधीच पाठवली असेल तर बँकेला लगेच कळवा, कारण अशा वेळी प्रत्येक तास मोलाचा असतो. गेलेले पैसे मिळवून देतो म्हणणारा कुणी नंतर संपर्क साधेल. तोही बहुधा त्यांच्यातलाच असतो.

पाच महिने तुम्ही जे लिहिलेत ते मात्र खरे होते, आणि त्याबद्दल शरम वाटून घेण्याचे कारण नाही. भावाला सगळे सांगा. त्याने आधीच ओळखले आहे, त्यामुळे सांगणे सोपे जाईल.

प्रश्न : मी ५९ वर्षांचा घटस्फोटित पुरुष आहे. भाषांतराच्या कार्यशाळेत ओळख झालेल्या, माझ्याच वयाच्या एका बाईंशी काही वर्षांची मैत्री आता त्याहून जवळची झाली आहे. आम्ही एकत्र राहायचे नाही असे दोघांनी मिळून ठरवले आहे. दोघांचीही घरे पुस्तकांनी भरलेली आहेत आणि दोघांनाही पहाटे एकटे बसून काम करायची सवय आहे. माझी मुलगी विचारते, "बाबा, मग हे नेमकं आहे तरी काय?" मला उत्तर देता येत नाही.

उत्तर : स्वतंत्र घरांत राहून जोडपे म्हणून जगणारी माणसे अनेक देशांत आहेत आणि समाजशास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास गेली काही दशके करत आले आहेत. उतारवयात ही व्यवस्था निवडण्याची कारणे पुष्कळदा तुमच्यासारखीच असतात : स्वतःची दिनचर्या, मुलांशी असलेले नाते, मालमत्तेची गुंतागुंत टाळणे. कार्लसन आणि बोरेल यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात असे दिसले की स्वतःचे घर राखण्याला स्त्रिया विशेष महत्त्व देतात. आयुष्यभर दुसऱ्याच्या घराचा आणि दुखण्याखुपण्याचा भार वाहिलेल्या बाईला पुन्हा तोच भार नको असेल, तर ते समजण्यासारखे आहे. म्हणून 'एकत्र राहायचे नाही' या निर्णयामागे तिचे कारण आणि तुमचे कारण एकच आहे का, हे एकदा तिला विचारून घ्या.

मुलीला उत्तर द्यायला नात्याचे नाव लागत नाही. "ही माझी जोडीदार आहे, आम्ही आपापल्या घरी राहतो आणि पुढेही तसेच राहणार आहोत," एवढे पुरे आहे. तिच्या प्रश्नामागे कदाचित दुसरा, न विचारलेला प्रश्न असेल : उद्या बाबा आजारी पडले तर कुणी काय करायचे? त्याचे उत्तर तुमच्याकडे असायला हवे, आणि मला शंका आहे की ते अजून नाही. या व्यवस्थेचा कस लागतो तो आजारपणातच. दोघांपैकी एकाला महिनाभर अंथरुणावर पडून राहावे लागले, तर दुसरा राहायला येणार का, येणार तर किती दिवस, की पगारी मदतनीस ठेवायचा? रुग्णालयात निर्णय कोण घेणार? कायद्याने नाते नसलेल्या व्यक्तीला डॉक्टर माहिती देतीलच असे नसते, म्हणून आपल्या वतीने कुणाशी बोलावे हे दोघांनीही आधी लिहून ठेवावे. मृत्युपत्र स्वतंत्रपणे करावे आणि त्यात एकमेकांना काही द्यायचे असेल किंवा नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. या बाबतीतले नियम जागोजागी वेगळे असल्यामुळे वकिलाचा सल्ला घ्यावा. पुस्तकांचे काय करायचे तेही त्यातच लिहा. हे मी गमतीने म्हणत नाही. दोन संग्रह एकमेकांत मिसळलेले असले की वारसांची फार पंचाईत होते.

कागदपत्रे तयार झाली की त्यांची एक प्रत मुलीकडे द्या, आणि ती देताना त्या बाईंनाही बरोबर घेऊन जा.